४७ नंबर कोणाचा? दूध संस्थेच्या ७३० फाईली आणि एक प्रश्न

पहाटेचा_काटा:

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात दूध संस्थेचं लिखाणकाम बघते. सभासद ३१२, त्यातले रोज दूध घालणारे १९० च्या आसपास. संकलन सकाळ-संध्याकाळ दोन वेळा. काट्याच्या मशीनमधून प्रत्येक वेळेची एक फाईल पेन ड्राइव्हवर येते: कोड, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग), दर, रक्कम. दहा दिवसांच्या बिलाला अशा वीस फाईली, वर्षाला ७३०. त्या मी एक्सेलमध्ये एकाखाली एक चिकटवते. पशुखाद्याची फाईल वेगळी, ती गोडाऊनवाले दादा भरतात. उचल दिल्याची फाईल सचिवांकडं. नावं, शेअर्स आणि बँक खाती असलेली चौथी फाईल कपाटातल्या जुन्या कॉम्प्युटरवर. चारही ठिकाणी माणसं तीच, पण लिहिणारा प्रत्येकजण वेगळा. एकीकडं 'सौ.' आहे, दुसरीकडं नाही. एकीकडं वडिलांचं नाव, दुसरीकडं नवऱ्याचं. आणि आमच्या गावात पाटीलच साठ.

गेल्या महिन्यात बिल वाटताना एक तरुण पोरगा खिडकीशी येऊन उभा राहिला. त्याचा कोड ४७. बिलातून पशुखाद्याचे ६,४०० कापलेले. तो म्हणाला, "वहिनी, मी संस्थेचं एक पोतं उचललेलं नाही. दोन गाई, घरचं गवत." मी चार तास शोधत बसले. निघालं असं की ४७ नंबर आधी एका म्हाताऱ्या बाबांचा होता. त्यांनी म्हशी विकल्या, नंबर रिकामा झाला, आणि मशीनमध्ये तो या पोराला दिला. माझ्या फाईलीत नाव बदललं. गोडाऊनच्या फाईलीत बाबांची चार पोती तशीच पडून होती. कोड जुळला, रक्कम कापली गेली. एक्सेलचं काहीच चुकलं नाही, त्याला सांगितलं तेच त्यानं केलं.

दुसरं दुखणं दराचं. दर बदलला की दराच्या शीटमध्ये नवा आकडा टाकते. पण मागचं बिल उघडलं तर तेसुद्धा नव्या दरानं दिसतं! म्हणून आता प्रत्येक बिलाची वेगळी कॉपी ठेवते. फोल्डरमध्ये 'बिल फायनल', 'बिल फायनल २', 'बिल फायनल खरं' आणि 'बिल हेच वापरा' अशा फाईली आहेत. हसू नका.

दिवाळीचा दर फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावर मिळणारी जादा रक्कम, तोंडावर आलाय. त्याला प्रत्येकाचं वर्षाचं एकूण दूध लागतं. गेल्या वर्षी माझी बेरीज आणि दूध संघाची बेरीज जुळली नव्हती.

चेअरमन म्हणतात, चाललंय की. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो, "मावशी, डेटाबेस करा." म्हणजे काय करू विचारलं, तर त्यानं फाईल सिस्टिमचे सात तोटे पाठ म्हणून दाखवले. रिडंडन्सी, इन्कन्सिस्टन्सी, आयसोलेशन आणि पुढचे चार. त्याला त्याचे मार्क मिळतील. मला बिल काढायचंय. डेटाबेस घेतल्यानं ४७ चा घोळ खरंच थांबला असता का, एवढं कुणी साध्या मराठीत सांगेल का?


बघ्या:

गुगल शीट करा, सगळ्यांना शेअर करा. विषय संपला.


पहाटेचा_काटा:

@बघ्या, पहाटे साडेपाचला आमच्या काट्यापाशी रेंज शोधत पत्र्यावर चढावं लागतं. आणि घोळ शेअर केला तर तो सगळ्यांचा होईल, मिटणार कसा?


जुनी_खतावणी:

ताई, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आधी देतो: नुसता डेटाबेस घेतला असता तर थांबला नसता. नीट मांडला असता तर थांबला असता. आता सविस्तर लिहितो, निवृत्त माणूस आहे, वेळ आहे.

मी एका पतसंस्थेत २६ वर्षं होतो. नोकरीला लागलो तेव्हा सगळं लाल बासनातलं. मग १९९३ ला कॉम्प्युटर आला आणि मी फॉक्सप्रो हे माहिती साठवायचं सॉफ्टवेअर शिकलो. आम्ही त्याला रुबाबात 'डेटाबेस' म्हणायचो, पण तेव्हा प्रत्येक तक्ता म्हणजे एक सुटी डीबीएफ फाईल. ठेवींची एक, कर्जाची एक, सभासदांची एक. या फाईलींचं एकमेकींशी नातं काय, ते त्या फाईलींना ठाऊकच नव्हतं. ते माझ्या प्रोग्रॅममध्ये होतं, आणि जे प्रोग्रॅममध्ये लिहायचं राहिलं ते माझ्या डोक्यात. मी रजेवर गेलो की नातंही रजेवर.

त्यात मी ठेवीच्या मुदतीची तारीख सहा अक्षरांत ठेवली होती. दिवस दोन, महिना दोन, साल दोन. १९९५ ला कुणीतरी साडेपाच वर्षांची ठेव ठेवली, मुदत '०१' साली. कॉम्प्युटरच्या लेखी ०१ हे ९५ च्या आधी येतं! व्याज उणे निघालं. बरं, साल चार अक्षरी करायचं तर नुसती फाईल बदलून भागेना. ती फाईल वाचणारा प्रत्येक प्रोग्रॅम सहा अक्षरं मोजून वाचत होता. पासबुक छापणारा, व्याज काढणारा, मुदत संपल्याची यादी करणारा, असे २३ प्रोग्रॅम. १९९९ चा गणपती मी ऑफिसातच बघितला. 'वाय-टू-के' म्हणून जगभर जी धावपळ झाली, तिच्या मुळाशी हेच होतं. माहिती कशी ठेवलीय हे प्रत्येक प्रोग्रॅमला ठाऊक असणं, हाच रोग. १९७० साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी नेमकं याच्यावर बोट ठेवलं होतं. माहिती यंत्राच्या पोटात कशी मांडलीय हे वापरणाऱ्याला कळायची गरजच पडू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यातून आजचे तक्तेवाले डेटाबेस आले. मला ते कळायला २९ वर्षं आणि एक गणपती लागला.

आता तुमचा ४७.

तुम्ही ४७ ला माणूस समजताय. तो माणूस नाही, ती रांगेतली जागा आहे. बाबा उठले, पोरगा बसला. मशीनला तेवढंच कळतं आणि तिला तेवढं पुरतं. पण पोती उचलली ती माणसानं, जागेनं नाही. म्हणून दोन तक्ते वेगळे करा.

एक, सभासदांचा तक्ता. प्रत्येकाला कायमचा क्रमांक. माणूस गेला, म्हशी विकल्या, गाव सोडलं, तरी तो क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. नाव, बँक खातं, फोन फक्त इथं. बाकी कुठंही नाव लिहायचंच नाही, क्रमांक लिहायचा.

दोन, कोडांचा तक्ता. मशीनचा कोड, तो कोणत्या सभासदाकडे आहे, कुठल्या तारखेपासून, कुठल्या तारखेपर्यंत. ४७ च्या दोन ओळी होतील. एक बाबांची, जिची शेवटची तारीख भरलेली. दुसरी पोराची, शेवट रिकामा.

दुधाची नोंद कोडावर येईल, पण तारीख बघून ती माणसावर जाईल. पशुखाद्य आणि उचल थेट सभासद क्रमांकावर. आणि डेटाबेसला बजावायचं की सभासदांच्या तक्त्यात नसलेल्या क्रमांकावर पोतं लिहू द्यायचं नाही. हे 'लिहू द्यायचं नाही' एक्सेलमध्येही बसवता येतं, पण त्या एका फाईलीपुरतं. कुणी दुसरीकडून कॉपी करून चिकटवलं की तो पहारा उठला. डेटाबेसमध्ये पहारेकरी तक्त्याच्या दारात बसतो, कुणीही कुठूनही आलं तरी.

दराचंही तसंच. दर खोडायचा नाही, नवी ओळ लिहायची: अमुक तारखेपासून हा दर. बिल त्या तारखेचा दर उचलेल. जुन्या मुनीमजींना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, कधी खाडाखोड केली नाही. चूक झाली तर उलटी नोंद टाकायची, पण आधीची ओळ तशीच. आणि आधी रोजकीर्द, मग खतावणी, म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्याची वही. मध्येच दिवा गेला तर रोजकीर्द बघून खतावणी पुरी करायची. पुढं मुलानं मला डेटाबेसचा 'लॉग' समजावून सांगितला तेव्हा मी म्हटलं, अरे ही तर रोजकीर्दच! बदल आधी लॉगमध्ये, मग तक्त्यात. वीज गेली तरी परत चालू झाल्यावर लॉग वाचून तो ठरवतो की काय पुरं करायचं आणि काय नव्हतंच असं धरायचं.

तुमच्याकडे वीज किती वेळा जाते ते लिहिलं नाहीत. बिलातून उचल कापताना ऐंशीव्या सभासदावर वीज गेली तर काय करता?


पहाटेचा_काटा:

काका, तुम्ही आमच्या ऑफिसात येऊन गेलात की काय? गेल्या पावसाळ्यात अगदी हेच झालं. मी पहिल्यापासून पुन्हा चालवलं, आणि सत्तर-ऐंशी लोकांची उचल दोनदा कापली. पुढच्या बिलात परत दिली, पण गावात अजून म्हणतात, "वहिनी, यावेळी एकदाच कापा."


कमिट_रोलबॅक:

ताई, काकांनी मांडणी सांगितली, मी अवजाराचं सांगतो. पुण्यात हेच काम करतो, पण माझं आजोळ तुमच्याच बाजूचं, त्यामुळे पेन ड्राइव्हवाला काटा पाहिलाय.

आधी तुमचा आकडा. १९० जण, दिवसाला दोन नोंदी, म्हणजे ३८० ओळी. वर्षाला १,३८,७००. जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाईलीत एका शीटवर ६५,५३६ ओळीच मावतात, म्हणजे १७२ दिवसांत शीट भरेल. नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ मावतात, तेव्हा ती भीती नाही. पण फाईल कुठल्या प्रकारात सेव्ह होतेय ते एकदा बघा. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात कोविडच्या चाचण्यांचे निकाल अशाच जुन्या प्रकारच्या फाईलीत ओढले जात होते. मर्यादा संपल्यावर पुढच्या ओळी गळून गेल्या. १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध उशिरा सुरू झाला. तुमची बेरीज संघाशी का जुळली नाही याचं कारण इतकं मोठं नसेल, पण ओळी मोजून बघायला पाच मिनिटं लागतात.

तुम्हाला सर्व्हर वगैरे नको. एकच कॉम्प्युटर, एकच माणूस लिहिणारा, तर एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस पुरतो. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेलं, फुकट, आणि तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये आत्ताही आहे. गंमत म्हणजे हा अख्खा डेटाबेस दिसायला एकच फाईल असते. 'फाईल की डेटाबेस' हे भांडण परीक्षेपुरतं. डेटाबेसही शेवटी डिस्कवर फाईलच असतो. फरक इतकाच की त्या फाईलीला तुम्ही थेट हात लावत नाही, मधल्या सॉफ्टवेअरला सांगून काम करून घेता.

तीन खड्डे सांगतो, मी तिन्हींत पडलोय.

काका म्हणाले तो पहारेकरी एसक्यूलाइटमध्ये मुळात झोपलेला असतो! दुसऱ्या तक्त्यात नसलेला क्रमांक अडवणारी तपासणी, फॉरेन की, दर वेळी डेटाबेस उघडल्यावर चालू करावी लागते. भाच्याला विचारा, त्याला ठाऊक नसेल. तसंच रकाना आकड्याचा ठरवलात तरी साध्या तक्त्यात तो 'नाही' असा शब्दही मुकाट्यानं घेतो. २०२१ पासून 'स्ट्रिक्ट' नावाचा तक्ता करता येतो, तो असला शब्द घेत नाही, तोच करायला लावा.

गोडाऊनवाल्या दादांना लिहायला मिळावं म्हणून ती फाईल नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवू नका. दोघं एकदम लिहायला लागले आणि नेटवर्कनं कुलूप नीट सांभाळलं नाही, तर फाईल खराब होते. दादांची वही संध्याकाळी तुम्हीच भरा. दोघांनी एका वेळी लिहायचंच असेल तर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल असा सर्व्हरवरचा डेटाबेस, आणि मग ते सांभाळणारा माणूसही हवा.

फॅटला नियम लावा. ४.१ च्या ऐवजी ४१ पडलं तर बिलाचं काय होईल कल्पना करा. पण नियम फार आवळू नका, काही म्हशी फॅटच्या बाबतीत खरंच उदार असतात. मी तरी १२ च्या वर गेलं की नोंद अडवून मशीनची पावती बघायला लावेन.

आणि मराठी नावांवर कधीच जुळवाजुळव करू नका. 'ॲ' हे अक्षर एका कीबोर्डवरून एक चिन्ह म्हणून येतं, दुसऱ्यावरून 'अ' आणि वरचा चंद्र असं दोन तुकड्यांत. स्क्रीनवर डोळ्याला दोन्ही सारखं, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. मी एकदा एका यादीतली 'ॲड.' लावलेली वकील मंडळी तीन दिवस शोधत होतो.


लाल_पेन्सिल:

सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करतो, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो.

वर जे 'कायमचा क्रमांक' म्हणून सांगितलंय ते तुमच्या कपाटात आधीपासून आहे. सभासद नोंदवही, म्हणजे 'आय' नमुना. १९६० च्या सहकार कायद्यानं ती ठेवावीच लागते. तीत प्रत्येक सभासदाचा क्रमांक असतो, दाखल झाल्याची तारीख असते, सभासदत्व कधी आणि का संपलं ते असतं. बहुतेक दूध संस्थांत ही वही ऑडिटच्या आदल्या आठवड्यात लिहिली जाते, हा भाग वेगळा. आमच्या डोळ्यांदेखत शाई वाळत असते.

माझा मुद्दा असा की डेटाबेसमध्ये चुकीची माहिती फार नीटनेटकी दिसते. एक्सेलचा पसारा निदान पसारा म्हणून ओळखू येतो. मी एका संस्थेत (नाव राहू दे) नवंकोरं सॉफ्टवेअर पाहिलं, रिपोर्ट असे की दृष्ट लागावी. आत मेलेल्या अकरा सभासदांच्या नावावर दूध चालू. सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. कोड वारसांच्या नावावर करायला कुणी अर्जच दिला नव्हता आणि कुणी मागितलाही नव्हता.

तेव्हा कॉम्प्युटरला हात लावण्याआधी वही घेऊन बसा आणि आजच्या १९० कोडांपुढं 'आय' नमुन्यातला क्रमांक हातानं लिहा. जिथं लिहिता येणार नाही, ती तुमची खरी यादी. आणि दूध घालणारा सभासदच असतो असं धरू नका. बिगरसभासद गवळीही घालतात, त्यांच्यासाठी वेगळी क्रमांकमाला ठेवा, नाहीतर दर फरक वाटताना पुन्हा गोंधळ.


जुनी_खतावणी:

@लाल_पेन्सिल, शंभर टक्के. शाई वाळण्याबद्दल मात्र आमच्या पतसंस्थेची बदनामी केल्यासारखं वाटलं.


पहाटेचा_काटा:

मंडळी, पाच दिवसांनी येतेय. लाल पेन्सिलवाल्या साहेबांनी सांगितलं तसं 'आय' नमुना आणि कोडांची यादी घेऊन बसले. रोज दुपारी दोन ते चार, तेवढीच उसंत असते.

१९ कोड असे निघाले जे दोन वेगवेगळ्या माणसांनी वापरलेत. एक कोड तर तिघांनी. सात जण सभासदच नाहीत, त्यांना बि-१, बि-२ असे क्रमांक दिले. तीन ठिकाणी वडील वारलेत आणि दूध मुलगा घालतो, त्या तिघांना वारस नोंदीचा अर्ज दिलाय. एक आजी अर्ज बघून रडल्या, मग मी चहा केला.

बेरीज न जुळण्याचं कारणही सापडलं. ओळी गळल्या नव्हत्या. फेब्रुवारीतली एका संध्याकाळची फाईल मी दोनदा चिकटवली होती. भाच्याला विचारलं, तो म्हणाला, "तारीख, वेळ आणि कोड मिळून एकदाच येईल असा नियम लावला की दुसऱ्यांदा घेणारच नाही." मी म्हटलं, मग सात तोटे सांगण्याआधी हे का नाही सांगितलंस? स्ट्रिक्ट तक्त्याचं त्याला खरंच ठाऊक नव्हतं. आता रात्री फोन करून मलाच विचारतो.

४७ च्या पोराला ६,४०० परत दिले. बाबांकडं गेले तर ते म्हणाले, "पोती उचलली होती हे मला माहीत होतं, तुम्हीच मागायला आला नाहीत." लगेच काढून दिले.

आता एक अडलंय. कोड २१२. दोघा भावांची वाटणी झाली, गोठा एकच राहिला. कोडही एकच. सकाळचं दूध थोरल्याचं, संध्याकाळचं धाकट्याचं, असं त्यांचं आपापसांत ठरलंय आणि सगळ्या गावाला माहीत आहे. बिल एकत्र निघतं, मग दोघं ओट्यावर बसून वाटून घेतात. पण धाकट्याला आता त्याचा दर फरक त्याच्या खात्यावर हवाय. तुमच्या कोडांच्या तक्त्यात 'पासून' आणि 'पर्यंत' आहे. एकाच दिवशी, एकाच कोडावर दोन माणसं कशी लिहू?


जुनी_खतावणी:

कोडांच्या तक्त्यात 'वेळ' असा एक रकाना वाढवा. बाकी सगळ्यांना 'दोन्ही', २१२ च्या दोन ओळी: एक 'सकाळ', एक 'संध्याकाळ'. माणूस शोधायचं काम एकाच ठिकाणी ठेवलं असेल तर तेवढीच एक जागा भाच्याला सुधारावी लागेल. दूध, पोती, उचल, कशालाच हात लावावा लागणार नाही. १९९९ ला याच कामासाठी मी २३ प्रोग्रॅम उघडले असते.

पण आधी त्या दोघांकडून लेखी घ्या.